एका खेळाडूच्या पाठोपाठ

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जमीन सपाट दिसते. क्रिकेटच्या किंवा फुटबॉलच्या मैदानाला या दोषाने फारशी बाधा येत नाही, कारण ती मैदाने मुळातच सपाट केलेली असतात. परंतु ज्या खेळात जमिनीचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक उतार, गवताचा कल आणि मातीतला ओलावा यांच्याशीच खेळाडूची खरी झुंज असते, त्या गोल्फच्या बाबतीत पडदा प्रेक्षकाच्या पदरात अर्धाच खेळ टाकतो, आणि उरलेला अर्धा पाहावयाचा तर पायांत कॅनव्हासचे बूट घालून खेळाडूच्या मागोमाग आठ-दहा किलोमीटर चालण्यावाचून गत्यंतर नसते. माझी सारी नोकरी भूमिअभिलेख खात्यात झाली. करवीर, पन्हाळा आणि शाहूवाडी या तालुक्यांच्या शिवारांत साखळी टाकीत आणि हद्दीचे दगड शोधीत जी वर्षे गेली, त्यांनी बांध कोठे वाकतो, पाणी कोणत्या अंगाला वाहते, दिसायला समतल असलेले वावर प्रत्यक्षात कोणीकडे झुकलेले आहे, हे पाहण्याची सवय डोळ्यांना लावली. आणि सेवानिवृत्तीनंतर स्त्रियांचे व्यावसायिक गोल्फ प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा जो ध्यास मला लागला, त्याचे मूळ त्या सवयीत आहे अशी माझी धारणा आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हा खेळ परका वाटला तर त्यात नवल नाही. शाहू महाराजांनी विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले, तेव्हापासून या गावाचा प्रेक्षक कुस्तीच्या मातीच्या हौद्याभोवती वाढला. पुढे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या फुटबॉल संघांच्या सामन्याला पेठाच्या पेठा लोटू लागल्या. आरोळी हा येथल्या रसिकतेचा पहिला स्वर आहे. असे असूनही याच गावाने गेल्या काही वर्षांत शांततेत चालणारा खेळ समजून घेण्याचे एक निराळे शिक्षण घेतले, आणि ते दिले येथल्या मुलींनी. तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन रायफलचे सुवर्णपदक जिंकले, राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण मिळविले, आणि श्वास रोखून, बोट स्थिर ठेवून, स्वतःच्या मनाशी खेळल्या जाणाऱ्या खेळातही केवढे थरारनाट्य दडलेले असते हे आमच्या चहाच्या टपरीवरच्या मंडळींनाही उमगले. गोल्फकडे मी वळलो तो या वाटेने.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अठरा वर्षांची आदिती अशोक पहिल्या दोन फेऱ्यांअखेर पहिल्या दहा जणींत होती. वडील तिची पिशवी खांद्यावर घेऊन कॅडी म्हणून बरोबर चालत होते. पुढच्या दोन फेऱ्यांत ती मागे पडून एकेचाळिसाव्या स्थानावर गेली, परंतु ती हरत असतानाही तिच्या चालण्यात जो शांतपणा होता तो पाहून, नोव्हेंबरात गुरुग्रामला होणाऱ्या विमेन्स इंडियन ओपनला जाऊन ही मुलगी प्रत्यक्ष पाहावयाची, असा निश्चय मी तेव्हाच करून टाकला. दिल्लीत पुतण्याचे बिऱ्हाड होते, त्यामुळे मुक्कामाची विवंचना नव्हती. स्पर्धेच्या आठवड्यातल्या मंगळवारी, म्हणजे ८ नोव्हेंबरला, मी गाडीत बसलो. आणि रात्री आठ वाजता, डब्यातली मंडळी जेवणाचे डबे उघडीत असताना, पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद झाल्याची वार्ता एकाच्या मोबाइलवरून दुसऱ्याच्या मोबाइलवर पसरत गेली. पुढचे कित्येक दिवस सारा देश बँकांच्या दारांत रांगा लावून उभा होता. मी पुतण्याने दिलेल्या शंभराच्या नोटा खिशात जपून ठेवून डी.एल.एफ.च्या गोल्फ मैदानावर तीन दिवस चाललो, आणि त्या धामधुमीत केलेल्या या तीर्थयात्रेचा मला आजही अभिमान वाटतो.

ते मैदान दक्षिण आफ्रिकेचा थोर खेळाडू गॅरी प्लेअर याने आखलेले आहे आणि त्याची उंचसखलता अशी आहे की पडद्यावर ती पाहिलेल्या माणसाला प्रत्यक्षात ते ठिकाण ओळखू येऊ नये. पहिल्याच सकाळी माझे लक्ष ज्या वस्तूने वेधून घेतले ती काठीही नव्हती आणि चेंडूही नव्हता; ती होती प्रत्येक कॅडीच्या मागल्या खिशातली एक चिंचोळी वही. तिला यार्डेज बुक म्हणतात. तिच्यात प्रत्येक होलचा नकाशा असतो. बंकरची कड, पाण्याची हद्द, झाड, पाण्याच्या फवाऱ्याचे झाकण, अशा पक्क्या खुणांपासून ग्रीनपर्यंतची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापर्यंतची, अंतरे यार्डांत टिपलेली असतात, आणि त्याच्या जोडीला खेळाडूने सरावाच्या दिवशी पेन्सिलीने केलेल्या स्वतःच्या नोंदी असतात: येथून चेंडू डावीकडे घरंगळतो, येथे ग्रीनची मागची बाजू खोल आहे, या बाजूला चुकले तरी चालेल, त्या बाजूला चुकून चालणार नाही. दोरीच्या अलीकडून मान लांबवून मी ती वही पाहिली, आणि आमच्या दप्तरात लाल फडक्यात बांधून ठेवलेली जुनी टिपणबुके माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तीच पायारेषा, तसेच तिच्यापासून दोन्ही अंगांना घेतलेले लंब, आणि जमीन कागदावर उतरवून मग तिच्यावर पाऊल ठेवण्याची तीच रीत.

स्त्रियांचाच खेळ पाहावा असे मी आग्रहाने का म्हणतो, त्याचे उत्तरही मला त्याच मैदानावर मिळाले. पुरुषांच्या व्यावसायिक खेळात आजकाल पहिलाच फटका इतका दूर जातो की पुढच्या फटक्यासाठी पुष्कळदा आखूड काठी पुरते, चेंडू उंच जाऊन ग्रीनवर पडतो आणि जागच्या जागी थांबतो. वाटेतल्या जमिनीला त्या खेळात फारसे बोलू दिले जात नाही. स्त्रियांच्या खेळात ग्रीनपर्यंतचे अंतर अधिक उरते, हाती लांब आयर्न किंवा हायब्रिड घ्यावे लागते, चेंडू खालून येतो आणि पडल्यावर धावतो. तो कोठे टेकवावा, कोणत्या उताराला टेकून वळवावा, किती धावू द्यावा, याचा सारा हिशेब आधी मांडावा लागतो. त्यातही आदिती लांब फटका मारणाऱ्यांपैकी नव्हे. त्या स्पर्धेत अमेरिकेची ब्रिटनी लिनसिकम होती. दोन मोठ्या अजिंक्यपदांची ती मानकरी आणि तिच्या दूरच्या फटक्यांची ख्याती जगभर. तिचा चेंडू टीवरून, म्हणजे होलच्या आरंभीच्या जागेवरून, सुटला की डोळ्यांना त्याचा माग राहत नसे. आदितीचा चेंडू त्यामानाने जवळ पडे. होलपासून जो दूर त्याने आधी खेळावे असा खेळाचा रिवाज असल्यामुळे, दूरवर मारणाऱ्या जोडीदारिणी फेअरवेवर पुढे जाऊन थांबत आणि ही मागे एकटी उभी राहून, कॅडीशी दोन शब्द बोलून, हातातली काठी बदलून, कोणतीही घाई न करता चेंडू ग्रीनवर नेऊन ठेवी. तिला तसे करताना पुनःपुन्हा पाहिले म्हणजे बळ आणि कसब यांच्यातला भेद नुसत्या शब्दांनी समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

रविवारी, १३ नोव्हेंबरला, अखेरच्या होलवर तिने बर्डी केली, म्हणजे ठरल्याहून एक फटका कमी घेतला, आणि लिनसिकम व स्पेनची बेलेन मोझो या दोघींना एका फटक्याने मागे टाकून स्पर्धा जिंकली. युरोपच्या महिला टूरवर विजयी झालेली ती पहिली भारतीय. अठराव्या ग्रीनभोवती आम्ही जे लोक होतो ते तिसऱ्या दिवसापर्यंत एकमेकांना चेहऱ्याने ओळखू लागलो होतो. माझ्या शेजारच्या एका शीख आजोबांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवसाच्या वृत्तपत्रांत नोटांच्या रांगांनी पाने व्यापली होती, ते समजण्यासारखे होते. ज्या आठवड्यांत अशी कोणतीही अडचण नसते त्या आठवड्यांतही या स्पर्धांचा निकाल आतल्या पानावर तळाशी दोन ओळींत आटोपला जातो, याचे मात्र मला मनापासून दुःख आहे.

गुरुग्रामला दोर असतात, स्वयंसेवक असतात, परदेशी खेळाडू असतात. आपल्या पुण्याला, येरवड्याच्या पूना क्लबच्या गोल्फ मैदानावर, विमेन्स गोल्फ असोसिएशनच्या देशी टूरचा टप्पा भरतो तेव्हा यांपैकी फारसे काही नसते, आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीने तेच मोठे भाग्य असते. रात्रीच्या एस.टी.ने निघून पहाटे स्वारगेटला उतरलो, की पहिल्या त्रयीचा चेंडू टीवर ठेवला जाण्याआधी मैदान गाठता येते. तेथे पहिल्यांदा गेलो तेव्हा गुणफलकाजवळ बसलेल्या एका मुलीने अत्यंत आदराने मला विचारले, “काका, आपण कोणाच्या घरचे?” खेळाडूंचे आईवडील, भाऊ, प्रशिक्षक, एवढेच लोक सहसा तेथे येतात, नुसता खेळ पाहायला आलेला माणूस तिला बहुधा क्वचितच भेटत असावा. मी कोल्हापूरहून आलो आहे, आणि कोणाच्याच घरचा नाही, असे सांगितल्यावर ती उठून उभी राहिली, मला सुरुवातीच्या वेळांचा कागद दिला आणि कोणत्या होलवरून कोणत्या टीकडे जवळची वाट जाते तेही दाखविले.

त्या सकाळी मी ज्या त्रयीच्या मागे लागलो तिच्यात नुकतीच व्यावसायिक झालेली एक सडपातळ मुलगी होती. तिचे नाव येथे देत नाही, कारण तिच्या एका बिकट क्षणाची हकिकत सांगावयाची आहे. एका होलवर तिचा पहिला फटका उजवीकडे सुटला आणि चेंडू झाडांखालच्या दाट गवतात गेला. २०१९ पासून नियम बदलून शोधाची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली आहे. तेवढ्यात चेंडू सापडला नाही तर तो हरवला असे मानून एका फटक्याच्या दंडासह मूळ जागेवरून पुन्हा खेळावे लागते. ती मुलगी धावत आली, तिचा कॅडी आला, आणि पाठोपाठ, मला ज्याचे फार अप्रूप वाटले, तिच्या दोन्ही प्रतिस्पर्धी खेळाडू आपापले चेंडू फेअरवेवर सोडून तेथे आल्या आणि गुडघ्याइतक्या गवतात वाकून काठ्यांनी गवत बाजूला सारू लागल्या. ज्यांचा तिच्या नुकसानीत फायदा होता त्याच जिवापाड शोधीत होत्या. चेंडू झाडाच्या फांदीला लागून खाली येताना मी पाहिला होता, पाहणाऱ्याने शोधात मदत करण्यास नियमाची आडकाठी नाही, म्हणून जेथे उभा होतो तेथून हद्दीची खूण दाखवावी तशी मी जागा बोटाने दाखविली, आणि दोघींपैकी एकीने, “मिळाला, मिळाला!” असा पुकारा केला तेव्हा माझ्या घड्याळात तीन मिनिटे भरत आली होती. चेंडू बुंध्याला खेटून पडलेला. पुढे जाण्यास फट होती, पण अरुंद. कॅडीने काही न बोलता वेज पुढे केली. तिने त्या फटीकडे एकदा पाहिले, मान हलविली, आणि चेंडू आडवा काढून फेअरवेवर घेतला. त्या होलवर तिला बोगी पडली, म्हणजे ठरल्याहून एक फटका जास्त लागला. दोन फटके गेले असते तेथे एकच गेला, आणि तो तिने कसा वाचविला हे गुणफलकावर कोणालाही कधी दिसणार नव्हते.

पुढच्या होलवर तिची उतार जोखण्याची पद्धत मी अगदी जवळून पाहिली. ग्रीनवर चेंडू आणि होल यांच्या मधोमध ती दोन्ही पायांत अंतर ठेवून उभी राहिली, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेऊन कोणत्या तळव्यावर अधिक वजन पडते ते तिने अजमावले, मग चेंडूमागे जाऊन एक डोळा मिटला, हात लांब करून दोन बोटे होलच्या कडेला लावली, आणि त्या बोटांच्या बाहेरच्या कडेवर नजर ठेवून पटरने चेंडू हलकेच सोडला. चेंडू सरळ निघाला, मध्यावर वळला आणि जेमतेम सव्वाचार इंच रुंदीच्या त्या होलात आत पडला. माझ्या डोळ्यांना तेथे उतार डावीकडे वाटला होता, तिच्या तळव्यांना तो उजवीकडे लागला आणि तळव्यांनी खरे सांगितले. ज्याने आयुष्यभर जमिनीचा कल पाहून पोट भरले त्याला या गोष्टीचा जो आनंद झाला तो कसा सांगावा!

फेरी संपल्यावर आणखी एक शिरस्ता पाहण्यासारखा असतो. या खेळात प्रत्येकीचे फटके तिच्या जोडीची खेळाडू लिहिते. अखेरीस तिघी एका टेबलाभोवती बसून होलवार आकडे वाचून ताडून पाहतात, कार्डावर लिहिणारीची आणि खेळणारीची अशा दोघींच्या सह्या होतात, आणि एखाद्या होलवर प्रत्यक्षाहून कमी आकडा भरलेले कार्ड दाखल झाले तर खेळाडू स्पर्धेतून बाद होते. दाखल झालेल्या कागदाची जबाबदारी सही करणाऱ्यावर, हा दंडक ज्या निष्ठेने येथे पाळला जातो तितक्या निष्ठेने तो पाळला जाताना माझ्या नोकरीच्या काळात मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

या खेळातल्या स्त्रियांचा इतिहासही त्यांच्याइतकाच न बोलणारा आहे. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची गोल्फ स्पर्धा नऊ होलांवर झाली. ती ४७ फटक्यांत जिंकणारी अमेरिकन तरुणी मार्गारेट अ‍ॅबट हिचा जन्म आपल्या कलकत्त्याचा. चित्रकला शिकण्यासाठी ती पॅरिसला राहिली होती, आणि त्याच स्पर्धेत तिची लेखिका आई मेरी हीसुद्धा खेळली. बक्षीस म्हणून तिला चिनी मातीचे एक भांडे मिळाले. आपण ऑलिंपिक विजेत्या आहोत हे १९५५ साली मृत्यू येईपर्यंत तिला कोणी सांगितलेच नाही. १९५० मध्ये अमेरिकेत तेरा जणींनी एल.पी.जी.ए. ही व्यावसायिक महिला गोल्फची संस्था स्थापली, तेव्हा मैदाने आखणे, नियमांचे निवाडे करणे आणि हिशेब ठेवणे ही कामे त्या खेळता खेळता स्वतःच करीत. कोलकात्याच्या सिमी मेहरा त्या संस्थेच्या टूरवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय. पूना क्लबवरच्या मुली स्वतःच्या गाडीतून स्वतःच पिशव्या उतरवताना दिसतात तेव्हा मला त्या तेरा जणींची आठवण होते, आणि हा प्रवाह अखंड वाहतो आहे याचे समाधान वाटते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकची अखेरची फेरी मात्र मला घरात बसूनच पाहावी लागली, आणि ती पाहताना या लेखाच्या आरंभी केलेले विधान मला पदोपदी पटत गेले. जुलैच्या महापुराचा चिखल गावातल्या कित्येक घरांतून अजून निघाला नव्हता. आमच्या तेजस्विनी आणि राही दोघींनाही तेथे अंतिम फेरी गाठता आली नव्हती. ७ तारखेच्या शनिवारी मी भल्या पहाटेपासून पडद्यासमोर होतो. जागतिक क्रमवारीत दोनशेवी असलेली आदिती तीन फेऱ्यांअखेर दुसऱ्या स्थानावर होती, आणि या वेळी पिशवी तिच्या आईच्या, माहेश्वरी अशोक यांच्या, खांद्यावर होती. कासुमिगासेकीच्या मैदानावर तिचे टीवरचे फटके सर्वांत आखूड फटक्यांपैकी होते आणि तरीही ग्रीनवर गेल्यावर ती कोणापुढेही मागे हटत नव्हती. शेवटी वादळाने खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि अखेरच्या होलवर बर्डीसाठीचा तिचा लांबचा फटका चुकला. नेली कोर्डाला सुवर्ण, मोने इनामीला रौप्य, लिडिया को हिला कांस्य. आदिती पंधरा अंडरवर चौथी, पदकापासून एका फटक्याने दूर. तो फटका कोणत्या उताराने खाल्ला हे पाहण्यासाठी मी पडद्याच्या अगदी जवळ गेलो. ग्रीन सपाट दिसत होते. मी त्या दिवशी तेथे असतो तर चेंडू आत गेला असता असे नव्हे. पण तो का गेला नाही एवढे तरी मला समजले असते. त्याच सायंकाळी नीरज चोप्राचा भाला सुवर्णावर जाऊन पडला आणि साहजिकच त्या पहाटेचा विषय मागे पडला. माझ्या मनात तो अद्याप पुढेच आहे.

दीक्षा डागर हिच्याविषयी एक स्वतंत्र लेख लिहावयास हवा. तूर्त एवढेच सांगतो की जन्मतः श्रवणदोष असलेली ही डावखुरी मुलगी २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची ओपन स्पर्धा जिंकून युरोपच्या टूरवर विजयी होणारी दुसरी भारतीय ठरली, आणि कर्नल वडील कॅडी असताना त्या दोघांत चालणारे नजरेचे संभाषण ज्याने मैदानावर पाहिले नाही त्याने या खेळातला एक फार सुंदर भाग पाहावयाचा राहिला आहे असे समजावे.

खासबागेत बसून, वस्तादाने डाव सांगण्याआधी तो ओळखणारे डोळे ज्या गावात आहेत, त्या गावातून दहा-वीस माणसे या मुलींचा खेळ पाहायला गेली पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते. येत्या हिवाळ्यात येरवड्याला किंवा चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर टप्पा जाहीर झाला, तर आधी फोन करून प्रेक्षकांना प्रवेशाची काय व्यवस्था आहे ती विचारावी. बूट मऊ तळव्याचे घालावेत, मोबाइल बंद ठेवावा, टोपी आणि पाणी बरोबर घ्यावे. आघाडीवरच्या त्रयीमागे जाण्याचा मोह पहिल्या दिवशी टाळावा. वेळांच्या कागदावर सकाळची एखादी अनोळखी त्रयी निवडावी, तिच्यातली एक खेळाडू मनात धरावी, ती चेंडूवर वाकली की आपण जेथे असू तेथे थांबावे, आणि तिचा दिवस चांगला जावो की वाईट, अठरावे होल संपून कार्डावर सही होईपर्यंत तिची साथ सोडू नये. ग्रीनवर पोहोचले की तिच्या आधी आपण उतार वाचावा, मनात उत्तर धरावे, आणि मग तिचा चेंडू कोणीकडे वळतो ते पाहावे. दुसऱ्या दिवशी कोणाच्या मागे जावयाचे हा प्रश्न सहसा पडत नाही. तिची वेळ कोणती आहे एवढेच फलकावर पाहावयाचे असते.